विश्लेषण : ‘केजी’तला ‘जी’ आला कुठून? सरकारने बंदी घातलेल्या किंडरगार्टनची आणि फ्रेडरिक फ्रोबेल यांची गोष्ट

शाळा जूनमध्ये उघडतात, पण लहान मुलांच्या पालकांची धावपळ त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी हे शब्द आता तालुक्याच्या गावातही सर्रास वापरले जातात. यातला ‘के’ म्हणजे किंडर, अर्थात मुले, आणि ‘जी’ म्हणजे गार्टन, अर्थात बाग. शब्द इंग्रजी नाही, जर्मन आहे. तो ज्यांनी घडवला त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या केजीत अक्षरे गिरवणे नव्हते, पाढे नव्हते, गृहपाठ तर नव्हताच. होते ते लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या, रंगीत कागद, माती आणि भिजवलेले वाटाणे. तरीही १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारला हा प्रकार इतका धोकादायक वाटला की त्याने किंडरगार्टनवर थेट बंदी घातली. वाटाणे आणि काड्यांमध्ये सरकारला घाबरण्यासारखे काय होते? आणि आजच्या केजीत त्यातले काय उरले आहे?

फ्रोबेल कोण होते?

जन्म २१ एप्रिल १७८२, थुरिंजियाच्या डोंगराळ जंगलातले ओबरवाइसबाख हे गाव. वडील गावचे ल्यूथरन धर्मोपदेशक. फ्रेडरिक नऊ महिन्यांचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईला स्वतःचे मूल झाल्यावर हा मुलगा घरात जवळपास परका झाला. वडील कामात बुडालेले, भावंडे मोठी. घरामागची बाग आणि पलीकडचे रान एवढाच सोबती. वडिलांनी त्याला मुलांच्या नव्हे, तर गावातल्या मुलींच्या शाळेत बसवले. अभ्यासात तो मंद आहे, अशीच घरच्यांची समजूत होती. दहाव्या वर्षी मामाने त्याला श्टाटइल्म या गावी नेले, तेव्हा कुठे त्याला मोकळा श्वास मिळाला.

पुढची वीस वर्षे म्हणजे अर्धवट सोडलेल्या गोष्टींची यादी आहे. आधी दोन वर्षे एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी. त्यात शिकवणारा कोणी नव्हता, पण भूमिती आणि वनस्पतींची पुस्तके होती. मग येना विद्यापीठ. तिथे हातातले पैसे भावाला उसने दिले, ते परत आले नाहीत आणि देणे थकल्यामुळे फ्रोबेल यांना विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. पदवी राहिली ती राहिलीच. त्यानंतर भूमापन, हिशेबनीस, जहागिरीवरचा कारकून अशी पडेल ती कामे. १८०५ मध्ये वास्तुरचनाकार व्हायचे ठरवून ते फ्रँकफर्टला गेले.

तिथे त्यांची गाठ एका प्रयोगशील शाळेचे मुख्याध्यापक अँटोन ग्रूनर यांच्याशी पडली. ग्रूनर यांनी त्यांना वास्तुरचनेचा नाद सोडून शिक्षक होण्याचा सल्ला दिला आणि आपल्याच शाळेत वर्गावर उभे केले. तेविसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, फ्रोबेल यांना आपण योग्य जागी आहोत असे वाटले.

त्या काळी युरोपात नव्या शिक्षणाची पंढरी होती स्वित्झर्लंडमधले इव्हेरडों. तिथे योहान पेस्टालोझी पाठांतराऐवजी प्रत्यक्ष वस्तू पाहण्यातून शिकवत. फ्रोबेल १८०५ मध्ये तिथे धावती भेट देऊन आले आणि नंतर १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे राहिलेच. ते ज्यांचे खासगी शिक्षक होते त्या फ्रँकफर्टच्या होल्झहाउझेन घराण्यातील मुलांना सोबत घेऊन. ते भारावले, पण पूर्ण समाधान झाले नाही. पेस्टालोझींकडे मूल वस्तू पाहते, तिचे नाव घेते, वर्णन करते. याच होल्झहाउझेन मुलांना शेताचा एक तुकडा, कागद, पुठ्ठा आणि लाकूड देऊन पाहिल्यावर फ्रोबेल यांना जाणवले होते की मुले बघताना नाही, तर काहीतरी बनवताना खरी जागी होतात.

दगडांच्या संग्रहालयात काय सापडले?

फ्रोबेल यांच्या चरित्रातला हा टप्पा अनेकदा दोन ओळींत उरकला जातो. खरे तर किंडरगार्टनचे सगळे गुपित इथेच आहे.

१८१२ मध्ये ते बर्लिनला ख्रिस्तियान सॅम्युअल वाइस या खनिजशास्त्रज्ञाकडे शिकायला गेले. वाइस हे स्फटिकशास्त्राच्या पाया घालणाऱ्यांपैकी एक. मिठाचा खडा घन का असतो, गारगोटीच्या स्फटिकाला सहा बाजू का असतात, याचे उत्तर ते स्फटिकाच्या आतल्या अक्षांवरून आणि सममितीवरून देत. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात फ्रोबेल स्वयंसेवक म्हणून लुट्झोव्ह यांच्या तुकडीत भरती झाले. तिथे त्यांना हाइनरिश लांगेथाल आणि विल्हेल्म मिडेनडॉर्फ हे दोन तरुण मित्र भेटले, ते जन्मभराचे. १८१४ मध्ये परतल्यावर ते वाइस यांच्याच खनिज संग्रहालयात साहाय्यक झाले. काम काय, तर कुलूपबंद शांत खोलीत स्फटिकांचे वर्गीकरण.

दोन वर्षे ते दगड हाताळत होते. एकाच साध्या आकारातून, एकाच नियमाने, कडा कापत आणि कोन वळवत निसर्ग शेकडो आकार तयार करतो, हे ते रोज पाहत होते. दगड वाढतो तोही आतून बाहेर, नियमाने. मग माणसाच्या मुलाचे काय? त्याची वाढ काही वेगळ्या नियमाने होत असेल का? हा प्रश्न विज्ञानापेक्षा अध्यात्माकडे झुकणारा होता आणि फ्रोबेल यांचे लेखनही तसेच होते: लांबलचक, गूढ, एकाच वाक्यात देव, निसर्ग आणि भूमिती यांची मोट बांधणारे. त्यांची पुस्तके वाचणे आजही सोपे नाही. पण तोच विचार त्यांनी लाकडात उतरवला तेव्हा तो तीन वर्षांच्या मुलालाही कळू लागला.

शाळा सुरू होण्याचे निमित्त मात्र दुःखद होते. ग्रीसहाइम इथे धर्मोपदेशक असलेले त्यांचे भाऊ ख्रिस्तोफ १८१३ मध्ये टायफसने वारले. मागे तीन मुलगे. १८१६ मध्ये फ्रोबेल यांनी संग्रहालयाची नोकरी सोडली आणि तीन अनाथ पुतणे व दुसऱ्या भावाचे दोन मुलगे अशा पाच मुलांना घेऊन शाळा काढली. पुढच्याच वर्षी ती कायलहाऊ या खेड्यात हलली. लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ येऊन मिळाले. या पुतण्यांपैकी कार्ल हे नाव लक्षात ठेवा. ते पुढे येणार आहे.

कायलहाऊत मुले डोंगर तुडवत, रानात झोपड्या बांधत, नकाशे काढत आणि मग अभ्यास करत. पटसंख्या साठच्या घरात गेली. १८२६ मध्ये फ्रोबेल यांचा ‘मानवाचे शिक्षण’ हा ग्रंथ आला. पण हा काळ जर्मन संस्थानांमध्ये तरुणांच्या प्रत्येक जमावाकडे संशयाने पाहण्याचा होता. लांब केस ठेवणारे, एकत्र गाणी म्हणणारे कायलहाऊचे विद्यार्थी सरकारच्या डोळ्यांवर आले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने अहवाल चांगला दिला, तरी पालकांनी धास्ती घेतली आणि मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. १८३१ मध्ये फ्रोबेल पुन्हा स्वित्झर्लंडला गेले. तिथे त्यांनी शाळा चालवल्या, शिक्षकांना शिकवले आणि बुर्गडोर्फच्या अनाथालयाची जबाबदारी घेतली. अनाथालयातल्या अगदी लहान मुलांकडे पाहताना त्यांचा रोख बदलला. शाळेत येईपर्यंत मुलाची पहिली पाच-सहा वर्षे निघून गेलेली असतात, आणि या वर्षांकडे फारसे लक्ष दिले जात नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

‘भेटी’ म्हणजे नेमके काय?

१८३७ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते थुरिंजियात परतले आणि बाड ब्लांकेनबुर्ग या गावात त्यांनी लहान मुलांसाठी खेळ आणि कामाची संस्था काढली. सोबत खेळण्यांच्या पेट्या तयार करायला सुरुवात केली. या पेट्यांना त्यांनी भेटी असे नाव दिले.

पहिली भेट म्हणजे दोरी बांधलेले लोकरीचे सहा चेंडू, सहा रंगांचे. अगदी तान्ह्या मुलासाठी. दुसरी भेट लाकडी: एक गोल, एक घन आणि दोघांच्या मधला दंडगोल. गोल कसाही ठेवला तरी घरंगळतो. घन कसाही ठेवला तरी बसतो. दंडगोल उभा ठेवला तर बसतो, आडवा ठेवला तर घरंगळतो. तीनही आकार दोरीला टांगून फिरवायचे. वेगाने फिरणारा घन डोळ्यांना दंडगोलासारखा दिसतो. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाला यातले कुणी काही सांगायचे नाही. ते फक्त पाहते, सोडते, पुन्हा फिरवते.

तिसरी भेट सर्वांत प्रसिद्ध. दोन इंचाचा लाकडी घन, एक-एक इंचाच्या आठ छोट्या घनांत कापलेला. पेटी मुलासमोर पालथी ठेवायची, सरकते झाकण अलगद ओढून घ्यायचे आणि पेटी वर उचलायची. समोर अखंड घन उभा. आधी अखंड वस्तू दिसावी, मग तिचे तुकडे मुलाने स्वतः करावेत, हा आग्रह होता. शाळा नेहमी उलटे करते: आधी सुटी अक्षरे, मग शब्द, मग कधीतरी अर्थ.

या आठ ठोकळ्यांशी तीन तऱ्हांनी खेळायचे. खुर्ची, जिना, विहीर, बाक असे रोजच्या जगण्यातले काही बनवले तर ती जीवनरूपे. आठाचे चार-चार, चाराचे दोन-दोन करून पाहिले तर ती ज्ञानरूपे. आणि मधल्या चार ठोकळ्यांभोवती उरलेले चार सममितीने फिरवत नक्षी केली तर ती सौंदर्यरूपे. टेबलावर एक-एक इंचाच्या चौकटी कोरलेल्या असत. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कुणालाही हे चटकन समजेल: ठिपके ठरलेले, पण त्यातून निघणारी नक्षी तुमची. नियम दोनच होते. सगळे ठोकळे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. आणि नवे काही करायचे तर आधीचे मोडून ढीग करायचा नाही. एक-एक ठोकळा हलवत जुन्यातूनच नवे काढायचे. संग्रहालयातला स्फटिक एका रूपातून दुसऱ्यात जातो तसे.

चौथ्या भेटीतही आठच तुकडे, पण विटांसारखे: दोन इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड. गंमत अशी की दोन गुणिले एक गुणिले अर्धा बरोबर एक. म्हणजे वीट आणि आधीच्या भेटीतला छोटा घन, दोघांत लाकूड तेवढेच. आकार बदलला तरी आकारमान तेच राहते, ही गोष्ट मुलाच्या हाताला कळते. त्याचे सूत्र त्याला पुढे काही वर्षांनी फळ्यावर भेटेल. पाचव्या भेटीत तीन इंचाचा घन, त्याचे २७ भाग, आणि त्यातले काही तिरके कापलेले. एकूण तुकडे ३९. आता छप्पर उतरते करता येते, मनोरा निमुळता होतो.

मग हळूहळू वस्तू पातळ होत जातात. घनापासून पृष्ठभागाकडे, म्हणजे लाकडी चकत्यांकडे, तिथून रेषेकडे, म्हणजे काड्यांकडे, शेवटी बिंदूकडे. यापुढचा भाग कामांचा: कागदाच्या घड्या, रंगीत पट्ट्यांचे विणकाम, कातरकाम, टोचून नक्षी, सुईदोऱ्याचे काम, चौकटीच्या पाटीवर रेखाटन, मातीकाम. भेटवस्तू खेळून झाल्यावर होती तशी पेटीत परत जाते, कामातून मात्र नवी वस्तू तयार होऊन उरते, असा हा फरक. फ्रोबेल यांच्या अनुयायांनी ही यादी पुढे वीसपर्यंत वाढवली.

काड्या आणि वाटाण्यांतून काय बनते?

सुके वाटाणे रात्रभर भिजवायचे. सकाळी मऊ झाले की त्यात टोकदार काड्या खोचून सांगाडे उभे करायचे. वाटाणा सुकला की सांधा घट्ट होतो. खर्च जवळपास शून्य.

१८९९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका किंडरगार्टनमध्ये चार वर्षांचा एक मुलगा हे काम करत होता. त्याची नजर इतकी अधू होती की त्याला सगळे धूसर दिसे, आणि चष्मा अजून लागला नव्हता. इतर मुलांनी पाहिलेली घरे चौकोनी असतात, म्हणून त्यांनी चौकोनी सांगाडे केले. या मुलाला घरांचे आकार नीट दिसलेलेच नव्हते. तो बोटांनी चाचपत राहिला. चौकोन दाबला की तिरका होई, त्रिकोण दाबला तरी जागचा हलत नसे. म्हणून त्याने सगळा सांगाडा त्रिकोणांचाच केला. हा मुलगा म्हणजे बकमिन्स्टर फुलर. भूगोलार्धासारखे हलके घुमट जगभर पोहोचवणारा अभियंता. बालवर्गात वाटाण्यांनी केलेल्या त्या रचनेसारख्याच त्रिकोणी जाळीच्या सांगाड्याचे पेटंट त्याला १९६१ मध्ये मिळाले. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला छपराची कैची शिकवताना त्रिकोणच का, हे बलांची समीकरणे मांडून सिद्ध केले जाते. बरीच मुले ती समीकरणे सोडवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यातल्या कितींनी कधी चौकोन हाताने दाबून पाहिलेला असतो?

दुसरे उदाहरण याहून प्रसिद्ध. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात अॅना राइट यांनी फ्रोबेल यांच्या भेटी पाहिल्या आणि मुलासाठी आणल्या. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, म्हणजे या खेळण्यांसाठी तसा मोठाच. तो पुढे वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट म्हणून जगाला माहीत झाला. त्या गुळगुळीत मेपल ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांत कायम राहिला, असे त्याने म्हातारपणापर्यंत सांगितले. त्याच्या इमारतींचे नकाशे चौकटीच्या जाळीवर बेतलेले असत, हेही प्रसिद्ध आहे.

अर्थात, ठोकळे खेळणारी लाखो मुले राइट किंवा फुलर झाली नाहीत. ही उदाहरणे पुरावा म्हणून फार ताणू नयेत. पण डोळ्यांनी आणि हातांनी विचार करणे ही वेगळी क्षमता असते आणि ती लहानपणी कमावता येते, एवढे त्यातून नक्की दिसते.

मग बंदी का घातली?

२८ जून १८४० रोजी, छपाईच्या शोधाच्या चारशेव्या वर्षाचा उत्सव साधून, फ्रोबेल यांनी ब्लांकेनबुर्गमध्ये किंडरगार्टनची औपचारिक स्थापना केली. हे नाव त्यांना डोंगरवाटेने मित्रांसोबत चालताना सुचले, असे सांगतात. नाव अर्थपूर्ण होते: मुले म्हणजे रोपे आणि शिकवणारा म्हणजे माळी. माळी रोपाला ओढून उंच करत नाही. पैसा उभारण्यासाठी त्यांनी जर्मन स्त्रियांना १० थालेरचे भाग घेण्याचे आवाहन केले. पुरेसे भाग खपले नाहीत. वर्षभर आधीच पत्नी हेन्रिएट गेल्या होत्या. फ्रोबेल गावोगाव फिरत, भाषणे देत, मुलांशी जमिनीवर बसून खेळत राहिले. गावकऱ्यांना साठीच्या घरातला हा माणूस वेडाच वाटे.

या प्रयोगातली सर्वांत बंडखोर गोष्ट मात्र खेळणी नव्हती. शिकवणारे कोण, ही होती. या वयाच्या मुलांसाठी तरुण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन पगारी शिक्षिका करायचे, असे फ्रोबेल म्हणत. जर्मन विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती, तेव्हाची ही गोष्ट. १८४८ च्या क्रांतीच्या वर्षात रुडोलश्टाट इथे शिक्षकांच्या मेळाव्यात त्यांनी ही मागणी मांडली, तेव्हा बऱ्याच पुरुष शिक्षकांनी ती हसण्यावारी नेली. १८४९ मध्ये बाड लीबेनश्टाइनला त्यांनी प्रशिक्षण केंद्र काढले. तिथेच बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या उमराव घराण्यातील स्त्रीशी त्यांची ओळख झाली. पुढे युरोपभर फिरून किंडरगार्टनचा प्रचार त्यांनीच केला.

क्रांती फसली आणि प्रशियात दडपशाही आली. ७ ऑगस्ट १८५१ रोजी शिक्षणमंत्री फॉन राउमर यांनी किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण दिले निरीश्वरवाद आणि समाजवाद. आणि पुरावा? कार्ल फ्रोबेल यांची स्त्रियांच्या उच्चशिक्षणाविषयीची पुस्तिका. ज्या पुतण्यांसाठी काकांनी संग्रहालयातली नोकरी सोडली होती, त्यांतलाच हा कार्ल. मंत्रालयाने काका-पुतण्यांत गल्लत केली. फ्रोबेल यांनी खुलासा केला, आपण धार्मिक माणूस आहोत हे सांगितले. ते खरेही होते. त्यांच्या प्रत्येक पानावर देव आहे. बंदी मात्र कायम राहिली. हा नुसता नावाचा घोळ होता, असे मानणे अवघड आहे. ठरवून दिलेले उत्तर न देता स्वतः काहीतरी रचणारी मुले आणि घराबाहेर पडून पगार घेणाऱ्या शिक्षिका, दोन्ही गोष्टी त्या सरकारला नको होत्या.

बंदीच्या काहीच आठवडे आधी फ्रोबेल यांनी आपली विद्यार्थिनी लुइझ लेविन यांच्याशी विवाह केला होता. पुढल्या वर्षी गोथा इथल्या शिक्षक परिषदेत ते दाखल झाले, तेव्हा सारी सभा उठून उभी राहिली. त्यानंतर काही दिवसांतच, २१ जून १८५२ रोजी मारियेनथालमध्ये त्यांचे निधन झाले. बंदी उठायला १८६० उजाडले. श्वाइना गावातल्या त्यांच्या समाधीवर मिडेनडॉर्फ यांच्या कल्पनेने दुसऱ्या भेटीतले तीन आकार दगडात एकावर एक रचले आहेत: खाली घन, मध्ये दंडगोल, वर गोल.

कल्पना जगभर गेली, पण जशीच्या तशी?

बंदीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. फ्रोबेल यांच्या शिष्या देशाबाहेर पडल्या. १८५६ मध्ये मार्गारेट शुर्त्झ यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, वॉटरटाउन इथे जर्मन भाषक मुलांसाठी किंडरगार्टन काढले. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबॉडी यांनी बॉस्टनमध्ये इंग्रजीतले पहिले सुरू केले. १८६९ पासून मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या उद्योजकाने भेटींच्या पेट्या कारखान्यात काढल्या. १८७६ मध्ये टोकियोतही किंडरगार्टन उघडले.

आणि इथेच बिघडायला सुरुवात झाली. शिक्षिकांच्या हाती जाडजूड मार्गदर्शक पुस्तिका आल्या. आता सगळ्यांनी उजवा ठोकळा उचला, आता तो मागे ठेवा, आता हात बांधून बसा. चाळीस मुले, चाळीस सारख्या खुर्च्या. ज्या पद्धतीचा जीव मुलाच्या स्वतःच्या रचनेत होता, तिचीच कवायत झाली. दोष सगळा अनुयायांचा नाही. भेटींचा ठरावीक क्रम, सगळे तुकडे वापरण्याची सक्ती, प्रत्येक आकारामागचा गूढ अर्थ हे फ्रोबेल यांचेच होते. वस्तू फार बारीक आहेत, मुलांच्या डोळ्यांना आणि बोटांना त्रास होतो, ही मानसशास्त्रज्ञ स्टॅनली हॉल यांची टीकाही रास्त होती. विसावे शतक उजाडता मारिया माँटेसरी यांची साधने आली आणि भेटींच्या पेट्या माळ्यावर गेल्या. नाव तेवढे राहिले.

पण धागा तुटला नाही. १९१९ मध्ये जर्मनीत बाउहाउस ही कला व रचनेची शाळा निघाली. तिथे नव्या विद्यार्थ्यांना आधी कागद, लाकूड, काच नुसते हाताळायला लावणारा पायाभूत अभ्यासक्रम योहानेस इटेन यांनी घडवला, आणि इटेन मुळात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक होते. अमेरिकेतल्या एमआयटीमधील एका संशोधन गटाचे नावच ‘लाइफलाँग किंडरगार्टन’ आहे. त्याचे प्रमुख मिचेल रेझनिक यांच्या चमूने २००७ मध्ये मुलांसाठी ‘स्क्रॅच’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली. ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली रचायची. आपल्याकडची अनेक शाळकरी मुले संगणकाच्या तासाला हेच करतात.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

मराठीत किंडरगार्टनच्या जागी आपण बालवाडी म्हणतो. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, म्हणजे अर्थाने दोन्ही शब्द शेजारीच बसतात. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक यांची प्रेरणा मुख्यतः माँटेसरी होती. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम करून त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या. परदेशी महाग साधने तिथे कोण आणणार? मग पाने, बिया, शिंपले, खडे, माती हीच साधने झाली. जे हाताशी आहे त्यातून मुलाने रचावे, हा विचार वाटाण्या-काड्यांपासून फार लांब नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. त्यासाठी एनसीईआरटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आणला: खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तके, चित्रकार्डे असलेली पेटी. कागदावर धोरण फ्रोबेल यांच्या बरेच जवळ आले आहे. अनेक केजींमध्ये मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्या दिवसापासून पेन्सिल असते. ठोकळे असतात, पण काचेच्या कपाटात, पालकांना दिसतील असे. प्रवेशाच्या वेळी शाळा मुलाला रंग आणि आकार विचारते. पालकांनीही शाळेला एक गोष्ट विचारायला हरकत नाही: ते कपाट आठवड्यातून किती वेळा उघडले जाते, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते?